डाव्या बाजूला बसायला शिकले

"मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय. त्यामुळं शरीराची डावी बाजू गेलीय," सांगलीच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवत सांगितलं. मी विचारलं, "परत येईल का?" ते म्हणाले, "जीव वाचलाय. पुढचं काम फिजिओथेरपीचं."

माझे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव म्हसवडजवळ. मोटारसायकल घसरली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. एवढंच घडलं.

अकराव्या दिवशी ते नीट शुद्धीवर आले. मी त्यांचा डावा हात चोळत होते. त्याकडं बघून ते चिडले. "ह्यो कुणाचा हात हाय? उचल हितनं."

मला थट्टा वाटली. "आवं, तुमचाच की."

"न्हाई. माझा न्हाई."

मी हात हळूच खाली ठेवला. बाहेर बाकावर जाऊन बसले, रडूही येईना.

डॉक्टर म्हणाले, याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळे शाबूत असतात, पण मेंदू एका बाजूची दखलच घेत नाही. खरंच, ताटातलं उजवीकडचं तेवढं संपायचं. डावीकडची भाजी तशीच, आणि वर "भाजी का न्हाई वाढली?" म्हणून माझ्यावर राग.

त्याहून मोठा धक्का पुढं होता. मी रोज त्यांना दंडाला धरून उठवायचे. ते कळवळायचे. मी म्हणायचे, थोडं सोसा. एकदा फिजिओथेरपीच्या मॅडम दारातूनच ओरडल्या, "काकू, हात सोडा!"

डाव्या खांद्याचे स्नायू लुळे पडले होते. ओढून ओढून सांधा खोबणीतून सरकायला लागला होता. याला सबलक्सेशन म्हणतात. म्हणजे सेवा समजून इतके दिवस मीच त्यांचा खांदा निखळवत होते.

मॅडमनी दोष दिला नाही. मलाच खुर्चीत बसवलं. "पाय मागं घ्या, पुढं वाका, आता उठा. हात टेकायचे नाहीत." मग यजमानांना तसंच उठवायला मला शिकवलं. कमरेला पट्टा बांधायचा, धरायचं ते पट्ट्याला. बसायचं डावीकडं, बोलायचं डावीकडून, म्हणजे मान तिकडं वळेल.

तीन दिवस हाका मारून घसा बसला. ते उजवीकडच्या भिंतीकडंच बघत राहिले. चौथ्या दिवशी मान हळूहळू वळली.

"कवापास्नं बसलीयास गं?"

तेव्हा मात्र मी रडले.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर पहिल्याच दिवशी विचारा, माणसाला उठवायचं कसं, धरायचं कुठं. मी विचारलं नव्हतं.

आज ते काठी घेऊन चालतात. डाव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. काल अंगणात जाताना दाराच्या डावीकडच्या चौकटीला धडकले, शिवी हासडली, थांबले, मान वळवून चौकट बघितली आणि बाहेर गेले. मी जागची हलले नाही. मॅडमनी शिकवलेल्या सगळ्यात, हे न धावणं मला सगळ्यात उशिरा जमलं.