शनिवारची खुर्ची

आवरायला लागले की मला भान राहत नाही. हा आईकडून आलेला गुण; दोष म्हणा हवं तर. परदेशात शिकायला गेले तेव्हा माझी खोली एवढीशी, अर्ध्या तासात आवरून व्हायची. मग उरलेला शनिवार खायला उठायचा. चार महिने झाले तरी कॉलेज ते खोली एवढंच शहर मला ठाऊक होतं. शेवटी एका सेवाभावी संस्थेत नाव घातलं आणि त्यांनी मला एका आजोबांकडे पाठवलं.

आजोबा म्हणजे चौतीस वर्षं टपाल वाटलेले पोस्टमन. आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे आणि कुणी दंडाला धरलं की भडकायचे, "मी काय सामान आहे?" मदतीला येणाऱ्यांची नावं ते लक्षात ठेवत नसत. बुधवारी येणारा तो बुधवार आणि मी शनिवार. "उशीर केलास, शनिवार," हे माझं स्वागत. तिथली भाषा मला मोडकीतोडकी यायची, म्हणून उलट उत्तर द्यायचं राहून जायचं. नाहीतर पहिल्याच दिवशी आमचं वाजलं असतं.

त्यांच्या लेकीला मात्र सतत धास्ती. एकटेच कुठे पडले-बिडले तर? तिने वृद्धाश्रमात जागाही बघून ठेवली होती. अखेर असं ठरलं, की नगरपालिकेच्या बाई घरी येऊन बघतील. आजोबांनी एकट्याने चहा करायचा आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र टाकून परत यायचं. जमलं तर घरी राहायचं, नाही जमलं तर वृद्धाश्रम.

बाई शनिवारी दुपारी यायच्या होत्या. सकाळी लेक आजोबांना दवाखान्यात घेऊन गेली आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेली. मला वाटलं, बाईंसमोर घर कसं लख्ख दिसायला हवं! ओटा घासला, डबे उंचीप्रमाणे लावले. डब्यांना जुनी रबरं गुंडाळलेली होती. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. काय हा गबाळेपणा, म्हणत मी सगळी काढली. आमच्याकडे रबर टाकत नाहीत, म्हणून नीट नळाला अडकवून ठेवली. दाराशी अडमडणारी खुर्ची खिडकीशी सरकवली आणि आईला फोटो पाठवला. "गुणाची गं माझी पोर," तिचं लगेच उत्तर.

दुपारी आजोबांनी डब्यावर बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. एक रबर म्हणजे चहा, दोन म्हणजे साखर, तीन म्हणजे मीठ. टपालाचे गठ्ठे बांधायची ती रबरं! चहापत्ती त्यांनी वासावर ओळखली. पण बाईंसमोर बोट घालून चाखणं त्यांच्या मानी स्वभावात बसेना. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि काहीतरी लिहिलं. चहात मीठ होतं.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. होते नव्हते तेवढे शब्द गोळा करून मी बाईंना सांगितलं, "चूक माझी आहे. डब्यांच्या खुणा मी काढल्या." लेक माझ्याकडे बघतच राहिली.

बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी पुन्हा येते. पण ही शेवटची संधी."

मी रडवेली होऊन निघाले. जिन्यात पोचले तेव्हा आतून आवाज आला, "शनिवारी ये. उशीर करू नकोस."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "उघडलेस तर मला कळतं." कसं कळणार होतं देव जाणे, पण मी मिटले. डबा टेकल्याच्या आवाजावरून ते खाटेवर बसून सांगत होते आणि मी रबरं चढवून एकेक डबा ठेवत होते. "दोन बोटं डावीकडे. अजून. बास!" मी तीनदा कपाटावर आपटले. तिसऱ्यांदा ते चक्क हसले.

"खुर्ची पण दाराशी आणू का?" मी विचारलं.

"असू दे तिथेच. दारापासून सहा पावलं. मोजलीत मी."

मग आम्ही बाहेर पडलो. त्यांची काठी पुढे आणि मी हात पाठीमागे बांधून अर्धं पाऊल मागे. "हा शिंपी. याला पत्र यायचं ते बहिणीचंच. पुढची पायरी तुटलेली आहे. त्या घरात कुत्रा; आता मेला असेल, तरी फाटकापासून लांब चाल." टपालपेटी कधीच मागे पडली, आम्ही पार नदीपर्यंत गेलो. मला डोळे असून न दिसलेलं शहर त्यांनी एका दुपारी दाखवलं. परतताना पाय माझेच दुखत होते.

ठरल्या दिवशी बाई आल्या. आजोबांनी चहा करून झाकून ठेवला, पत्र घेतलं आणि जिना उतरले. मदतीला धावू नये म्हणून मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. लेक खिडकीपाशी गेली, परत आली. मग जिन्यात काठीचा आवाज आला.

आजोबा धापा टाकत आत आले. बाई लिहायला म्हणून खिडकीशी जाऊन टेकल्या, तशी खुर्ची करकरली.

"तिथे नको," आजोबा म्हणाले. "ती शनिवारची खुर्ची आहे."

बाई हसून उठल्या, खाटेवर बसल्या आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचून दाखवलं, "एकटे राहू शकतात." लेकीने डोळे पुसले. मी माझ्या खुर्चीत बसून चहा प्यायले. साखर जरा जास्तच पडली होती.