हात न लावता : बेळगावहून वेंगुर्ल्याच्या खडकांवर

चार महिन्यांनी सन्मतीचा मेसेज आला आणि त्यात 'कसा आहेस' एवढंसुद्धा नव्हतं. "डिपार्टमेंटचं प्रदर्शन आहे. समुद्रकाठच्या खडकांतल्या जिवांचे अगदी जवळून काढलेले फोटो पाहिजेत. देशील? अट एकच. जिवाला हात लावायचा नाही, जागचा हलवायचा नाही."

सन्मती निपाणीची. शेतकरी जैन घरातली. बेळगावात राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. बी.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या जर्नलवरनं मी सरांशी भांडलो, जर्नल टेबलावर आपटलं आणि जो बाहेर पडलो तो अजून बाहेरच आहे. आता काकतीत राहून लग्नांचे फोटो काढतो. चार महिन्यांपूर्वी कॅन्टीनमध्ये एकजण तिच्याबद्दल काहीतरी बोलला. मी त्याची कॉलर धरली, दोन कप फुटले. मला वाटलं, ही खूश होईल. ही बोलायचीच बंद झाली. तेव्हा 'देतो' लिहायला मी किती सेकंद घेतले असतील ते तुम्हीच ठरवा. फोटो जमले तर ती परत बोलेल, न्हाय जमले तर विषय संपला. एवढं साफ दिसत होतं.

आधी सामानाचं सांगतो, कारण कमेंटमध्ये हेच विचारणार. मॅक्रो लेन्स माझ्याकडं नाही. लग्नाला वापरतो तीच साधी लेन्स उलटी करून लावायची, त्यासाठी एक रिंग मिळते, तीनेकशे रुपयांत. उलटी लेन्स मुंगीच्या मिशा दाखवते. पण फोकस हातानं फिरवून होत नाही. आपणच श्वास धरून तांदळाच्या दाण्याएवढं पुढं-मागं व्हायचं. शिवाय लेन्सची मागची बाजू उघडी पडते, समुद्राचा एक तुषार बसला की संपलं. मऊ फडकं खिशात पाहिजेच. फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावला की उजेड मऊ पडतो.

शनिवारी पहाटे बसूच्या गाडीवरनं निघालो. बसू म्हणजे बसवराज, माझा शेजारी. घरी कन्नड, भांडायला मराठी. सगळं ऐकून तो म्हणाला, "मर्दा, समुद्र बघायला जायाचं आणि डबकी बघून यायचं? काकतीत डबकी कमी हाईत व्हय?"

बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, मग चंदगडच्या बाजूनं आंबोली. पेट्रोल शिनोळीच्या अलीकडंच भरून घ्या, हद्द ओलांडली की महाग. रस्ता बरा, मधेमधे खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंना काजू असल्यामुळं राग येत नाही. आंबोलीत धुकं एवढं की बसूला गाडीचं हँडल दिसत होतं, रस्ता दिसत नव्हता. तिथं गरम भजी खाल्ली. सावंतवाडीत उतरलो तर स्वेटर अंगाला चिकटला. चहा-भज्यांसकट चार तास धरा. वेंगुर्ल्यात दोघांची खोली हजाराच्या आत मिळाली, मागं माड, पुढं विहीर.

अकरा वाजता खडकांवर पोचलो. मोबाईलवर बघून ठेवलं होतं, बाराला ओहोटी. बारा वाजले. पाणी जिथं होतं त्याच्या हातभर खाली गेलं आणि थांबलं. मी कॅमेरा गळ्यात घेऊन उभा. सव्वाबारा. समुद्र तसाच.

थोड्या अंतरावर एक मावशी कोयत्यानं खडकावरची कालवं सोडवत होत्या. आमच्याकडं बघून त्यांनी विचारलं, "खंयचे रे तुम्ही?"

"बेळगावचे."

"तरीच. घाटावरचे. तिथी न बघता इलात."

"वेळ बघितलीय की मावशी. बाराला ओहोटी."

"सुकती बाराकच. पण आज आठम. आठमीक भांग. पाणी धड भरणा नाय, धड सुकणा नाय. खडक उघडे पडतत ते अवसेक, नायतर पुनवेक."

मग त्यांनी हिशोब शिकवला, तो लिहून घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, आणखी सहा तासांनी ओहोटी. पण वेळ कळून उपयोग नाही, पाणी किती मागं हटणार हेही तिथीच सांगते. अमावस्या-पौर्णिमेला लांबवर हटतं, अष्टमीला आळस करतं, त्यालाच इकडं भांग म्हणतात. आम्ही धरणाखालची माणसं. आमच्याकडं पाणी खाली गेलं म्हणजे खाली गेलं. समुद्रालाही पंचांग असतं हे कुणाला ठाऊक!

"मावशी, मग तुम्ही कशा आलात आज?" बसूनं विचारलं.

"जावय इलोसा. तेका काय पंचांग दाखवू?"

माझं डोकं मात्र तापलं होतं. सोमवारी बेळगावात लग्नाची ऑर्डर, म्हणजे थांबता येत नाही. अमावस्या आठवडाभर लांब. वरच्या खडकांत जी दोन-तीन डबकी होती त्यांत वाकून वाकून बघितलं. पाण्यावर ऊन चमकतंय, आत काही हलत नाही. तासाभरात एका कपारीखाली तारामासा दिसला. बोटाच्या पेराएवढा, करड्या रंगाचा, एकच हात बाहेर. मी वाट बघितली. म्हणजे मला वाटलं बघितली. मग दोन बोटांनी ओढून काढला, कोरड्या दगडावर उलटा ठेवला आणि फोटो घेतला.

काय फोटो आला होता! पाच हातांखाली शेकडो पारदर्शक पाय, प्रत्येकाच्या टोकाला इवलीशी वाटी, सगळे हवेत काहीतरी शोधतायत.

बसू म्हणाला, "अट काय होती रं?"

"कुणाला कळतंय?"

"मला कळालं की."

"तू गप. तुला कोण विचारतंय? गाडी चालवायला आलास, गाडी चालव."

बसूनं टॉवेल डोक्यावर ओढला आणि माझ्याकडं पाठ केली. तेवढ्यात मावशी टोपली घेऊन जवळ आल्या आणि दगडावर बघून थांबल्या.

"खातलंस तेका?"

"न्हाय."

"इकतलंस?"

"न्हाय हो."

"मग कित्याक काढलंस? मी काढतंय ती खावक काढतंय. तू कित्याक?"

कॉलेजात सरांना मी उलट उत्तर दिलं होतं. इथं खाली वाकलो. तारामासा उचलला आणि डबक्यात सोडला. घाईत तो पाण्यातही उलटाच पडला. पुन्हा हात घालायची हिंमत होईना. मी दगडावर पालथा पडून बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग एका हाताचं टोक वळलं, खडकाला चिकटलं. सुटलं. पुन्हा चिकटलं. दुसरा हात त्याच्या मदतीला आला. कॅमेरा बाजूला पडला होता. मी त्याला मनातल्या मनात कुस्तीतल्यासारखा ओरडून सांगत होतो, "पलट रं, पलट!" आणि तो पलटला. सावकाश, गादीची घडी घालावी तसा. कपारीत गेला.

मी मान वर करणार तर डबकं जिवंत झालं होतं. एवढा वेळ आमची सावली हलली नव्हती ना. दगड म्हणून ज्यावर कोपर टेकणार होतो त्यावरच्या पांढऱ्या खडबडीत फोडांची, म्हणजे बार्नॅकलची, दारं उघडली होती, आणि प्रत्येकातनं पिसासारखा एक हात बाहेर येऊन पाणी ओढत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. फुटक्या शंखातला एक खेकडा माझ्या नाकासमोरनं गेला. न वळता बसूला म्हटलं, "बसू, चुकलं. टॉवेल धरतोस का सावलीला?"

"मागनं कन्नडात माफी मागायची," असं म्हणून त्यानं टॉवेल धरला.

रात्री गावातल्या एका काकूंच्या खाणावळीत मी सुरमईचं ताट घेतलं. बसू शाकाहारी, त्यानं काळ्या वाटाण्याची उसळ आणि चार ग्लास सोलकढी घेतली. रविवारी नवमी, पाऊण तास उशिरा ओहोटी, पुन्हा तीच डबकी. आता घाई नव्हती. कालवांच्या शिंपल्यांवरच्या पापुद्र्यासारख्या कडा, लाटांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरलेला दगड, ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी मांडलेल्या गोळ्यांची रांगोळी. तीनला निघालो, दिवेलागणीला शिनोळी ओलांडली.

घरी येऊन फोटो निवडले. तेवीस नंबरचा, उलट्या तारामाशाचा, बाकीच्यांपेक्षा कितीतरी भारी होता. प्रदर्शनात लोक त्याच्यासमोरच थांबले असते. आणि खरंच कुणाला कळलं नसतं, बसू तोंडाचा पक्का आहे. पुसून टाकणंही सोपं होतं. दोन्ही केलं नाही. सगळे पाठवले आणि खाली लिहिलं, 'तेवीस नंबर हात लावून काढलाय. माझी चूक.'

पाच मिनिटांत फोन आला. चार महिन्यांनी तिचा आवाज ऐकला आणि त्या आवाजात नुसत्या शिव्या होत्या. एवढं साधं सांगितलेलं कळत नाही, तुझ्यासारख्या माणसाला काम सांगितलं हीच चूक, तो तेवीस नंबर आत्ताच्या आत्ता काढून टाकतेय. मी ऐकत होतो. खरं सांगतो, छान वाटत होतं. मग ती दम खायला थांबली.

"मग? सरळ झाला काय तो?"

"झाला. आपला आपण."

"किती वेळ लागला?"

"न्हाय बघितलं. लई लागला."

"तू तेवढा वेळ तिथं बसलास?"

"पालथा पडलेलो."

पलीकडनं माऊसची टिकटिक ऐकू आली, ती फोटो पुढं सरकवत होती.

"बार्नॅकलचे हात चांगले आलेत," ती म्हणाली. आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "जेवलास काय?"

नुकताच ताटावरनं उठलो होतो. म्हटलं, "न्हाय."

"मग ये. मीपण जेवायची आहे."

हे ती वाचणार आहे, म्हणून इथंच लिहून टाकतो : जेवलो होतो. दोन भाकऱ्या. तुझ्याबरोबर पुन्हा जेवलो, ते वेगळं.