काचेमागच्या होड्या

मी निघाले त्या सकाळी आप्पा एस.टी. स्टँडवर माझ्या नव्या सुटकेसकडे बराच वेळ बघत उभे होते. माझ्याकडे नाही, सुटकेसकडे. माझे वडील होड्या बांधणारे सुतार. समोरची वस्तू कशी जोडली आहे हे कळल्याशिवाय त्यांचं लक्ष माणसांकडे जात नसे. शेवटी म्हणाले, "चाकं बारीक आहेत गो. वाळूत रुतणार."

"आप्पा, मी नेदरलँड्सला चाललेय. तिथे रस्ते असतात."

"समुद्र आहे ना? मग वाळू असणारच."

तेवढ्यात गाडी लागली. इथे, नेदरलँड्समधल्या गणेशोत्सवात, मोदक संपल्यावर, बायका आपापल्या वडिलांची निरोपाची वाक्यं सांगतात. त्यांत माती असते, मुळं असतात, संस्कार तर असतातच. माझ्या वाट्याला चाकं आली. मी ती कधी कुणाला सांगितली नाहीत.

नवऱ्याच्या परमिटवर आले, कापेल आन डेन आयसेलमध्ये चौथ्या मजल्यावर राहिले. खेमेंतेची, म्हणजे नगरपालिकेची, पत्रं डिक्शनरी घेऊन वाचली, पस्तिसाव्या वर्षी सायकल शिकले, दोनदा कालव्याच्या कठड्यावर आपटले आणि पुढे एका वाचनालयात कामाला लागले. तुमच्यापैकी जे असे आलात त्यांना हा मधला भाग सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना तो आम्ही नेहमी जरा रंगवूनच सांगितला आहे.

ते चित्र मला जुन्या वस्तूंच्या दुकानात, क्रिंगलोपमध्ये, मिळालं. खरं तर मी चौकट घ्यायला गेले होते. आत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा इंग्रजाने काढलेलं जलरंगातलं चित्र होतं: डच किनारा, मासेमारीच्या तीन होड्या, मळकट तपकिरी शिडं. मागे इंग्रजीत साल लिहिलेलं होतं, सही वाचता येत नव्हती. आमच्या वाचनालयात एकदा जुनी चित्रं ओळखणारे एक गृहस्थ आले. गळ्यात रेशमी रुमाल, आवाजात कीर्तन. त्यांना दाखवलं तर म्हणाले, माणूस आणि सागर यांचा हा मूक संवाद आहे. मी घरी येऊन नीट पाहिलं. संवाद कुणीच करत नव्हतं. एक माणूस वाकून होडीतलं पाणी उपसत होता. मग त्या काळाबद्दल थोडं वाचलं. इंग्रजांकडे बंदरांत वाफेची जहाजं आली होती, म्हणून ते शिडं रंगवायला इकडे येत. दुसऱ्याच्या पोटापाण्याची वस्तू मोडीत निघायला लागली की ती फार सुंदर दिसते.

आप्पांनी जन्मात होडीचं चित्र काढलं नव्हतं. बांधायच्या होडीचंही नाही. आमच्या खाडीवर होडी डोळ्यांनी बांधतात: कणा टाकायचा, वाकलेलं लाकूड निवडायचं आणि लांब जाऊन, एक डोळा मिटून बघायचं. "कागदावरची होडी बुडत नाही," ते म्हणत, "म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नये." तरी मी व्हिडिओ कॉलवर ते चित्र त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, आता होडीची खोट ऐकायला मिळेल.

"चांगली आहे," आप्पा लगेच म्हणाले.

आप्पांनी कुठल्याही होडीला, स्वतःच्यासुद्धा, लगेच चांगली म्हटल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, "किती होड्या आहेत, आप्पा?" ते म्हणाले, "तिकडे पाऊस आहे का?"

आठवड्याने दादाचा फोन आला. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यात उरलंय ते दिवाळीपर्यंत टिकेल, असं रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले. "यायचं तर लवकर ये," दादा म्हणाला. "ते विचारतात तुझं."

तेव्हा जून होता. मुलीची शाळा बुडवायला इथे परवानगी लागते. माझं कामाचं कंत्राट नवीन होतं. डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटं निघाली. हे सगळं खरं आहे आणि याला काही अर्थ नाही, कारण मी एकटी जाऊ शकले असते. चार दिवसांसाठी, कधीही.

डिसेंबरमध्ये बॅग भरताना मी ते चित्र टॉवेलमध्ये गुंडाळलं. नवरा म्हणाला, "लोक तिकडून लोणचं आणतात. तू इंग्रजाची होडी नेतेयस." मग माझा चेहरा बघून त्याने बॅगेची चेन लावून दिली.

आप्पा ओटीवर बसले होते. मी पायऱ्या चढले तेव्हा त्यांनी मान वर केली, पण माझ्या शेजारच्या खांबाकडे. "आलीस गो?" ते खांबाला म्हणाले. वहिनी माझ्याकडे न बघता आत चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. का, ते माहीत नाही; इतक्या लांब आणलं होतं म्हणून असेल. त्यांनी तळवा फिरवला, चौकटीच्या कोपऱ्याला नख लावून सांधा तपासला आणि म्हणाले, "ही काच आहे. होडी कुठाय?"

"मी सांगते," मी म्हटलं.

"सांग. पण बघून सांग."

मी सांगायला लागले. नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोथट आहे, तळ रुंद, डोलकाठी एकच. बाजूला एक मोठी फळी टांगलीय, पानाच्या आकाराची.

"उलांडी?"

"नाही. उलांडी होडीपासून दूर तरंगते, तोल सांभाळायला. ही होडीला चिकटून आहे."

"मग दार असेल. तुझ्याकडे होडीलाही दार लावतात?"

आत वहिनी हसली. मी समजावलं की तिथे पाणी उथळ असतं. होडीखाली कणा खोल नसतो, म्हणून वाऱ्याने ती आडवी सरकू नये यासाठी ही फळी पाण्यात सोडतात. आप्पांची बोटं हवेत काहीतरी जोडत होती.

"म्हणजे ओहोटीला वाळूवर सरळ बसत असणार," ते म्हणाले. "आपली कलते. टेकू द्यावा लागतो. हुशार माणसं." मग, "वारा कुठून आहे?"

चित्र दीड वर्ष माझ्या भिंतीवर होतं आणि मी वारा पाहिला नव्हता. आता पाहिला. शीड डावीकडे फुगलं होतं. डोलकाठीवरची पताका उजवीकडे उडत होती. मी तसं सांगितलं.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुझा इंग्रज छत्रीखाली बसून काढत होता गो! याला होडीत घालून सोडा एकदा."

मीही हसत होते. हसता हसता चित्र काढून घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आता तुझं सांग."

"माझं काय?"

"होडीचं सांगितलंस तसं. शेवटची आलीस त्याला चार वर्षं झाली. मला तीच दिसते. ती आता नसेल."

मी म्हटलं, "तशीच आहे, आप्पा."

"बघून सांग म्हटलं ना."

मग सांगितलं. भांगात केस पांढरे झालेत, दोन बोटं रुंद. गालाखाली कातडं सैल पडलंय. डाव्या भुवईवर सायकलवरून पडल्याची खूण आहे. चष्मा लागला.

"चष्मा कधी?"

"तीन वर्षं झाली."

"फोनवर कधी दिसला नाही."

"तुमच्याशी बोलताना काढून ठेवत होते."

काचबिंदू घराण्यात उतरतो हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मग हळूच म्हणाले, "तपासून घेतलंस?"

"घेतलं. दर वर्षी बोलावतात. अजून काही नाही."

"खरं?"

"खरं."

त्यांनी मनगट सोडलं आणि अंगणाकडे तोंड करून बसले. मला जूनचे चार दिवस आठवत होते. तेव्हा आले नाही याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी लगेच "चालेल" म्हटलं असतं, आणि ते मला ऐकवलं नसतं.

परत येऊन आता चार महिने झाले. कॅमेरा कुणीच लावत नाही. रविवारी मी फोन करते आणि ते म्हणतात, सांग. मी सांगते: कालव्यावर बर्फाचा पापुद्रा, मुलीने माझ्या मराठीला डचमध्ये दिलेलं उत्तर, माझा दुखणारा गुडघा, आज कुणाशी भांडले ते. सजवून सांगितलं की त्यांना कळतं. ते नुसते खोकतात आणि मी मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा सांगते.

इथल्या कार्यक्रमांत लोक विचारतात, घर कुठे? पूर्वी मी कोकण म्हणायचे. कुणी डच असेल तर कापेल. दोन्ही उत्तरं फोटोसारखी होती. आता मला एवढंच माहीत आहे की जगात एका माणसाच्या मनात माझा खरा चेहरा आहे, मी स्वतः सांगितलेला, आणि तो माणूस ऐंशीचा आहे. तो आहे तोवर मला राहायला जागा आहे.