वरच्या वहिनींबरोबर ओसाका

माणसाला परक्या शहरात हरवायचंच असेल तर त्याने आमच्या वरच्या वहिनींबरोबर हरवावं. एकदा त्यांच्या सोबतीने रस्ता चुकलात, की पुन्हा कधी सरळ पत्त्यावर पोचण्यात तुम्हाला गोडी वाटणार नाही. ओसाकाचा प्रसिद्ध किल्ला मी आजतागायत पाहिलेला नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, ते केवळ त्यांच्यामुळे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर घोळक्याने टोकियोत येत होते आणि त्यांच्यामागून आम्ही बायका, कुकर आणि मसाल्याचे डबे घेऊन. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात कंपनीने घेतलेल्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि वहिनी बरोबर आमच्या डोक्यावर, म्हणून त्या वरच्या वहिनी. मुलगी पुण्यात आजीकडे राहून शाळेत जात होती. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याला ऑफिसात सीनियर. स्वभावाने इतके अबोल, की लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवावी की नाही यावरही थोडा विचार करत. त्या घरातलं दोघांच्याही वाट्याचं बोलणं वहिनी एकट्या उरकून टाकत. जपानी मात्र त्या इतक्या वर्षांत शिकल्या नाहीत. त्यातला, नावापुढे आदराने लावायचा ‘सान’ हा एकच शब्द त्यांना मनापासून आवडला होता आणि तो त्या कोथिंबिरीसारखा कशावरही भुरभुरवत. नवरा ‘अहो-सान’, पोस्टमन ‘पोस्टमन-सान’, जिन्याखालची मांजर ‘माऊ-सान’. बाकी सगळा व्यवहार अस्सल पुणेरी मराठीत. स्टेशनजवळच्या भाजीवाल्या आजोबांसमोर कमरेवर हात ठेवून त्या विचारत, “काय हो, सान, आज पालक बरा की मुळा?” आणि आजोबा थोडा विचार करून मुळा पुढे करत. मी एकदा म्हटलं, “वहिनी, त्यांना मराठी कसं काय कळतं?” त्या म्हणाल्या, “मराठी नाही कळत. मी कळते.”

कचऱ्याच्या बाबतीत त्यांची निष्ठा एखाद्या व्रतासारखी होती. जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या धुऊन. नव्याने आलेल्या एखाद्या मराठी घरातून चुकीच्या दिवशी पिशवी खाली आली, तर वहिनी ती उचलून त्या घराची बेल वाजवत आणि “तुमचं काहीतरी खाली राहिलंय” असं म्हणून हसत परत देत. पण त्यांची खरी ओळख म्हणजे पाठीवरची सॅक. गिर्यारोहक वापरतात तसली भली मोठी, नारिंगी. कॉलेजात असताना त्यांनी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले होते. लग्नानंतर ती सॅक माळ्यावर गेली, आणि जपानला येताना सासूबाईंनी भांड्यांची खोकी बांधायला घेतली तेव्हा वहिनींनी ती सॅक पुन्हा खाली काढून भांडी तिच्यातच भरली. पंजाबी ड्रेस, बूट, कुंकू आणि पाठीवर ती सॅक, अशा वेशात त्या दुधाची पिशवी आणायलाही जात. नकाशा हा प्रकार त्यांना मुळीच मान्य नव्हता. “नकाशा काही आपल्याला पोचवायला येत नाही. माणूस येतो,” असं त्या म्हणत. जपानात ते अक्षरशः खरं होतं. रस्ता विचारला की तिथली माणसं आपलं काम टाकून थेट दारापर्यंत सोडायला येतात. वहिनी तर ठाऊक असलेला रस्ताही विचारत.

मी तेव्हा नवी नवरी. माझं जपान म्हणजे घर, स्टेशन आणि मधलं सुपरमार्केट. अशात एका सकाळी वहिनी खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “चार दिवस ओसाकाला जाऊ. फिरायला. पाठीवर मावेल तेवढंच घे.”

“ओसाकाला का?”

“शहर छान आहे म्हणतात. मृदुलालाही भेटू.”

मृदुला तळमजल्यावर राहायची. नवऱ्याची बदली झाली म्हणून ती ओसाकाला गेली होती आणि तिथेच तिला मुलगा झाला. सुरुवातीला तिचे लांबलचक फोन यायचे, मग आखूड झाले. अलीकडे ती “सगळं छान” एवढंच म्हणून ठेवून द्यायची.

बुलेट ट्रेनमधून माणसं दिसत नाहीत, या कारणासाठी आम्ही साध्या गाड्या बदलत बदलत गेलो. वाटेत फुजी दिसला तेव्हा वहिनींनी उभं राहून नमस्कार केला. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला संत्री दिली, वहिनींनी त्यांना चकली दिली, आणि पुढे कितीतरी स्टेशनं त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. बाई उतरल्यावर वहिनी हळहळल्या, “बिचारीचा मुलगा लांब असतो गं. गुडघेही गेलेत.” हे कसं कळलं, ते विचारायचं मी एव्हाना सोडून दिलं होतं. ओसाकात उतरलो ते भटक्या प्रवाशांच्या एका स्वस्त वसतिगृहात. एका खोलीत सहा खाटा, त्यातल्या दोन डेन्मार्कहून आलेल्या, खाटेत न मावणाऱ्या पोरींच्या. सकाळी मी तोंड धुऊन आले तर वहिनी त्यातल्या एकीच्या सोनेरी केसांना तेल चोळत होत्या. “काय गं ही कोरडी टाळू!” त्या मला म्हणाल्या. पोरगी डोळे मिटून बसली होती.

मृदुलाच्या दारात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि घराचे पडदे बंद होते. तिने दार जेमतेम उघडलं. केस विंचरलेले नव्हते, गाल आत गेले होते. “अगं, येऊ नका म्हणून सांगणार होते. घर आवरलेलं नाही,” ती म्हणाली. आता चहा घेऊन हळूच निघावं, एवढंच माझ्या मनात आलं. वहिनींनी मात्र तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. फक्त बूट न काढता म्हणाल्या, “मृदुला, आम्हाला किल्ला दाखव. आम्ही इथे नव्या.”

“मला कुठे माहीत आहे? मी खालच्या दुकानापलीकडे गेलेलीच नाही.”

“मग तर उत्तमच. तिघी मिळून चुकू.”

सॅक उघडली. आतून डिंकाचे लाडू निघाले, अळीव निघाले, मेतकूट निघालं, आणि सगळ्यांत तळातून एक मऊ झालेली सुती साडी. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की शहर छान असण्याचा या सहलीशी काही संबंध नव्हता. वहिनींनी साडीची झोळी करून बाळ स्वतःच्या पोटाशी बांधलं, पाठीवर सॅक चढवली आणि मृदुलाला म्हणाल्या, “वेणी घाल. आम्ही थांबतो.”

किल्ल्यासाठी आम्ही जी गाडी पकडली ती अर्थातच उलट्या दिशेची होती. उतरलो ते नदीकाठच्या कुठल्याशा गावात. पिवळ्याधमक झाडांची एक रांग, छप्पर घातलेला लांबट बाजार आणि कोपऱ्यावर एक गाडी, जिच्यावर आप्पेपात्रासारख्या तव्यावर ऑक्टोपसचे गोळे भाजत होते. वासाने भूक खवळली. वहिनी गाडीवाल्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची आठ बोटं त्याच्यासमोर वळवळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हे नको-सान! कोबी घाल!” पोटाशी बांधलेलं बाळही तेवढ्यात मोठ्याने ओरडलं. गाडीवाला आधी दचकला, मग स्वतःची आठ बोटं वळवळवून, मान जोरजोरात हलवून त्याने खात्री करून घेतली. वहिनींनीही पुन्हा वळवळवली. रांगेतले लोक तोंडावर हात ठेवून हसू लागले, आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. मृदुला हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

ते पाणी मग थांबेना. बाकावर बसून कोबीचे गरमगरम गोळे खाता खाता ती रडू लागली. मी घाईघाईने रुमाल काढला. वहिनींनी माझा हात दाबला. “रडू दे तिला. मृदुला, रड तू. हा माझ्याकडे मजेत आहे.”

डोळे पुसत ती बोलली. “वहिनी, हे सकाळी जातात ते मी झोपल्यावर येतात. दिवसच्या दिवस मी कुणाशी बोलत नाही. याच्याशी बोलते, पण हा उत्तर देत नाही ना! परवा मला वाटलं, माझा आवाजच गेलाय.”

वहिनींनी उपदेश केला नाही. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी शेजारचं दार ठोठावलं. मृदुलाने त्या घरातल्या आजींना आजवर नुसती मान लववली होती. वहिनींनी आजींच्या हातात लाडू ठेवले, बाळ ठेवलं आणि मराठीत सांगितलं, “ही मृदुला. पोर गुणी आहे, पण एकटी पडलीय. येत जा.” आजी बाळाकडे बघत राहिल्या आणि मग कमरेत वाकून वाकून काहीतरी बोलत राहिल्या. रविवारी मृदुलाच्या नवऱ्याची पाळी आली. त्याला वहिनींनी पोळी वाढता वाढता सांगितलं, “आठवड्यातून दोनदा उजेडी घरी यायचं. साहेबाला काय सांगायचं ते तू ठरव.” तो मान खाली घालून हो म्हणाला, आणि पुढे खरोखर येऊ लागला.

चौथ्या दिवशी मी सॅक भरली तेव्हा वहिनी भरत नव्हत्या. “मी राहते थोडी. अहो-सानना कळवलंय. तू जा.”

“एकटी? मला गाड्या बदलता येणार नाहीत!”

“तोंड आहे ना? विचारत विचारत जा.”

स्टेशनवर सोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, “फोनवर तर ती छान म्हणत होती. तुम्हाला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, “आम्ही आलो तेव्हा आपल्या इमारतीत दुसरं मराठी घर नव्हतं. मुलगी तान्ही. आईला फोनवर मी रोज छानच सांगायचे.” एवढंच बोलून त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा आवळला.

मी विचारत विचारत घरी पोचले. वहिनी महिन्याभराने आल्या. मृदुला सावरली, शेजारच्या आजींकडून जपानी शिकली आणि आता तिथेच एका ऑफिसात नोकरी करते. तिचा मुलगा तिच्याशी ओसाकाच्या ठसक्यात भांडतो. वहिनींच्या यजमानांचं काम संपल्यावर ते दोघं पुण्याला परतले.

गेल्या हिवाळ्यात मृदुला आणि मी ठरवून एकाच वेळी पुण्याला गेलो. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तरी त्यांनी हट्टाने आम्हाला घराजवळच्या टेकडीवर नेलं. थोडं चढल्यावर त्या एका दगडावर टेकल्या. वर जाणाऱ्या वाटेकडे बराच वेळ बघत होत्या. मृदुलाने विचारलं, “दमलात का?”

“छे. तुम्ही जाऊन या. वर काय दिसतं ते मला येऊन सांगा.”

आम्ही दोघी वर गेलो. धुकं इतकं होतं, की खरं म्हणजे वरून काहीच दिसत नव्हतं. पण खाली येऊन त्यांच्या दोन बाजूंना बसलो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही त्यांना सांगत राहिलो.