ओस्सीने पात्यावर काय पाहिलं

ओस्सी हाउताला अंगठ्याचं नख स्केटच्या पात्यावरून आडवं ओढत होता. नखाची बारीक साल निघाली की धार बरोबर बसली असं समजायचं. जूनमध्ये आमच्या रिंकवर बर्फ नसतो, नुसतं कोरडं सिमेंट. तरी हा माणूस सकाळी सातला येऊन मशीनपाशी उभा.

"कुणाचे रे?" मी विचारलं.

"ल्यूकचे."

"तो तर गावाला गेलाय."

"मग? ऑगस्टमध्ये येईलच की."

येईल का नाही, हेच तर आमच्या अख्ख्या टॅमरॅक फॉल्स गावाला कळत नव्हतं.

ल्यूक बोड्री म्हणजे पाइक्स या आमच्या आइस हॉकी संघाचा कप्तान. वय एकोणीस. आमच्या लीगमधली पोरं सोळा-सतराव्या वर्षी कुठून कुठून येतात आणि गावातल्या लोकांच्या घरी राहतात. ल्यूक तीन हिवाळे ओस्सीकडे राहिला. ओस्सीची बायको एल्सी त्याला आपल्याच पोरासारखं ओरडायची, त्याच्या घाणेरड्या मोज्यांवरून तर रोजच. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने रडला तेव्हा ओस्सीने त्याला गप्प दुकानात आणलं आणि हातात कानस दिली. एवढंच. ओस्सीला बोलून समजूत काढता येत नाही.

एकतीस वर्षं तो संघाचं सामान सांभाळत होता. हातमोजे शिवणं, हेल्मेटचे स्क्रू, ओले कपडे वाळवणं, आणि मुख्य म्हणजे धार. फक्त आपल्या पोरांची नाही. पाहुण्या संघाच्या स्केट्सना पण यजमानानेच धार लावायची, अशी आमच्या लीगची जुनी रीत आहे. तेव्हा आठशे-हजार पोरांची पाती त्याच्या हाताखालून गेली असतील. आणि पातं बघून त्याला माणूस कळतो. खोटं नाही सांगत. आमच्या एका पोराच्या घोट्याच्या हाडाला चीर गेलीय, हे डॉक्टरच्या दहा दिवस आधी ओस्सीने त्या पोराला सांगितलं होतं. दुखणारा पाय माणूस नीट टेकत नाही, म्हणून पातं एकाच कडेने झिजतं. डोळ्यांना दिसत नाही ते त्याच्या नखाला लागतं.

एप्रिलमध्ये संघ विकला गेला. नव्या मालकाने आधी जुन्या मॅनेजरला काढलं, मग खेळाडू हेरणाऱ्या दोघांना, मग बावीस वर्षं तिकिटं विकणाऱ्या मार्जोरीला. तिला तर तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात. वर ऑफिसात नवा मॅनेजर बसला, ब्रॅम व्हँडरकोय. चौतीस वर्षांचा, टोरोंटोचा, दोन फोन, एका खुर्चीत पाच मिनिटं टिकायचा नाही. मी पण टिकत नाही कुठे, शाळेत तर दहावीतच कंटाळून उठले, तेव्हा त्याचा मला राग नाही. राग आहे तो मार्जोरीला काढल्याचा.

उन्हाळा म्हणजे संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायचे दिवस. कोण जाणार, कोण येणार, हाच गावाचा उद्योग. डोनटच्या दुकानात वेंडेल, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा, रोज नवी बातमी आणायचा.

"किर्कवूड संघाचा ओक्स येतोय. सहा फूट चार इंच. बचावात भिंत आहे भिंत."

"आणि बदल्यात काय, तुझा ट्रक?" मी म्हटलं.

"ल्यूक."

"डोक्यावर पडलास का? कप्तान देतं का कुणी?"

"मार्जोरीला काढणारा स्वतःच्या आईला पण देईल. वर नवी पोरं निवडायच्या दुसऱ्या फेरीतला एक नंबर मागेल."

दुकान हसलं. मला नाही आलं हसू.

दुसऱ्या दिवशी मी बर्फ गुळगुळीत करायच्या माझ्या गाडीचे पाइप बदलत होते. ओस्सीच्या दुकानाला लागूनच ती उभी असते, मधे नुसती जाळी. व्हँडरकोय दोन कॉफ्या घेऊन खाली आला. वरचा माणूस खाली आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. हातातला पाना मी हळूच खाली ठेवला.

"मिस्टर हाउताला, किर्कवूड फेब्रुवारीत इथे खेळून गेलं. त्यांच्या पोरांना धार तुम्हीच लावली ना?"

"रीत आहे."

"डिलन ओक्सचे स्केट्स आठवतात?"

"साडेअकरा नंबर."

व्हँडरकोय हसला. "नंबर मला पण माहीत आहे हो. मी ल्यूक बोड्री देऊन त्याला घेतोय. कागदावर पोरगा ठणठणीत आहे. पण लोक म्हणतात, कागदापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. काही असेल तर सांगा, मी हा सौदा आत्ता मोडतो."

जाळीआडून मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल ना म्हाताऱ्या, एक शब्द बोल!

ओस्सीने कॉफीचं झाकण काढलं, आत बघितलं, परत लावलं. "पाहुण्यांनी स्केट्स विश्वासाने माझ्याकडे दिले होते," तो म्हणाला. "धारेसाठी. बाकी कशासाठी नाही."

"म्हणजे काहीतरी आहे?"

"मी म्हटलं का तसं?"

"नाही असंही नाही म्हणालात." व्हँडरकोयचा आवाज चढला नाही, पण हसू गेलं. "तुमचा करार तीस जूनला संपतोय. माझ्याकडे यादी आहे, कोण संघाच्या कामाचं आणि कोण नाही. तुमचं नाव कुठे लिहू?"

"अक्षर सुवाच्य काढा, म्हणजे झालं."

तो गेल्यावर मी जाळी ढकलून आत घुसले.

"तू वेडा आहेस का? ल्यूक तुझ्या घरातला पोरगा आहे! त्या ओक्सचं काय सोयरसुतक तुला?"

"कॉफी पितेस? मला ती क्रीमवाली चालत नाही."

"ओस्सी! तुला काही दिसलं होतं का नाही, तेवढं तरी सांग."

"पाइप गळतोय तुझा, पोरी."

खरंच गळत होता. अर्धं गॅरेज ओलं झालं होतं.

त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचेना. त्याला काही दिसलं होतं का? दिसलं असेल तर गप्प का? नसेल दिसलं, तर सरळ 'नाही' म्हणून स्वतःची नोकरी तरी वाचवायची होती. मी एल्सीला गाठलं. ती मुरंब्यासाठी रुबार्बचे आंबट देठ सोलत होती.

"मला सांगत नाही गं तो," ती म्हणाली. "लग्नाला अडतीस वर्षं झाली. कुणाच्या स्केटचं कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. तू काय ऐकणार?"

"पण ल्यूक?"

तिने देठ जोरात कापला. "ल्यूकची खोली मी अजून आवरली नाहीये," ती म्हणाली आणि पुढचा देठ उचलला.

वीस जूनला सौदा झाला. ल्यूकने पहिला फोन घरी नाही, ओस्सीकडे केला. एल्सीने त्याचे हिवाळी बूट, उशी आणि सगळे मोजे धुऊन खोक्यात भरले. धार लावून ठेवलेले स्केट्स ओस्सीने वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात वर ठेवले. तीस जूनला त्याला पत्र आलं. चार ओळी. त्याच्या मशीनच्या जागी एक नवं मशीन आलं. स्केट आत घाल, बटण दाब, माणसाची गरज नाही. गावाने चार दिवस शिव्या घातल्या, मग हंगामाची तिकिटं घेतली. मी नाही घेतली. मला लागत नाही म्हणा, मी गाडीवर असते.

ओस्सी पुलापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात लागला. किल्ल्या बनवायच्या, कुऱ्हाडींना धार लावायची, खिळे तोलायचे. स्वतःचं जुनं मशीन त्याने भंगारातून परत विकत घेतलं होतं. गावातली बारकी पोरं स्केट्स घेऊन तिकडे जायला लागली.

सप्टेंबरमध्ये डिलन ओक्स आला. मी त्याच्यावर डूख धरून होते. दोन सत्रांच्या मधे गाडी फिरवायच्या आधी मी फक्त त्याचे पाय बघायचे. आता लंगडेल, मग लंगडेल. पोरगा वाऱ्यासारखा पळत होता. पहिल्या नऊ सामन्यांत सात जिंकलो. वेंडेल मला चिडवायचा, "काय गं, तुझ्या म्हाताऱ्याला दिव्यदृष्टी होती ना?"

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. दर गुरुवारी सरावानंतर ओक्स स्केट्स खांद्याला लटकवून पूल ओलांडायचा. पंधरा मिनिटं चालत, थंडीत. रिंकमध्ये चकचकीत नवं मशीन फुकट असताना हा परक्या गावचा पोरगा काढून टाकलेल्या म्हाताऱ्याकडे का जातो? त्याला ओस्सीचं नाव तरी कुणी सांगितलं?

मी दुकानात जाऊन विचारलं.

"धार आवडते त्याला माझी," ओस्सी म्हणाला. "तुला खिळे हवेत का? नसतील तर बाजूला हो, गिऱ्हाईक आहे मागे."

नोव्हेंबरात ओक्सची आई सामना बघायला आली. कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे उभी होती, हातात ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या. मला विचारते, धार लावणारे मिस्टर हाउताला कुठे भेटतील? मी म्हटलं, त्यांच्याशी तुमचं काय काम?

"फेब्रुवारीत आम्ही इथून निघालो ना," ती म्हणाली, "तेव्हा ते बसपर्यंत पळत आले. उणे पंचवीस, आणि अंगात कोट नाही. डिलनला खाली बोलावलं. म्हणाले, तुझं उजवं पातं नुसतं बाहेरच्या कडेने झिजतंय, खुबा दाखव डॉक्टरला, आणि हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. दाखवला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक हंगाम असाच काढला असता तर चिरफाड करावी लागली असती. चार महिने व्यायाम केला, तेवढ्यावर भागलं."

रांग पुढे सरकली. मी हललेच नाही. मागचा ओरडला.

"डिलन तर बसमधून उतरायलाच तयार नव्हता," ती हसत म्हणाली. "त्या सामन्यात त्याने तुमच्या कप्तानाला, त्या ल्यूकला, कडेच्या फळीवर आपटून त्याचा खांदा निखळवला होता. त्याला वाटलं, म्हातारा मारायला आलाय."