खालचा नळ

आमच्या गावात पाणी साठवायला टाक्या पुरत नाहीत, पण नगरपरिषदेच्या सभागृहातले किस्से साठवायला माझं एकट्याचं डोकं पुरलं! मी तिथं शिपाई होतो. शिकलो चौथीपर्यंत, बोलतो कमी. सभेत सदस्यांसमोर पाण्याचे ग्लास ठेवायचे, रिकामे झाले की भरायचे, एवढंच काम. पण हात पाणी देत होते तेव्हा कान रिकामेच होते ना! ते भरत गेले.

हे किस्से नोकरीच्या शेवटच्या वर्षातले. गाव बायपासकडे पसरत होतं. तुरीच्या वावरांत प्लॉट पाडून ले-आऊट झाले, बंगले उभे राहिले, आणि बंगल्यांना पाणी हवं झालं. मग सभेपुढं विषय आला : माळीपुऱ्यातला सार्वजनिक नळ बंद करायचा आणि ती लाईन ले-आऊटकडे वळवायची. आम्ही त्याला खालचा नळ म्हणतो. माळीपुऱ्यात घरोघरी कनेक्शन नाही. अख्खा मोहल्ला त्याच एका नळावर. माझं घरही.

*

पहिल्या सभेत मुख्याधिकारी साहेबांनी पडद्यावर गावाचा नकाशा दाखवला. ले-आऊट निळे, रस्ते पिवळे, फार सुंदर! आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका इंदूबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

"साहेब, माळीपुरा कोठी हाये याच्यात?"

साहेब म्हणाले, "मॅडम, कोपऱ्यात रंगांची माहिती दिलीय ना, तो चौकोन? त्याच्या खाली आहे."

"मंग थो चौकोन उचला न साहेब! आमाले श्वास घेऊ द्या!"

*

ले-आऊटवाले नगरसेवक म्हणजे बबलूभाऊ. प्लॉट त्यांचेच, त्यामुळे कळवळाही त्यांचाच. एकदा ते उभं राहून सांगत होते, "जुन्या गावात पान्याची काही अडचण नाई. लोक उगाच बोंबलून राह्यले!"

तेवढ्यात मागच्या रांगेत एकाचा फोन वाजला. बायकोचा आवाज सगळ्यांनी ऐकला : "अवो, नळ आले!"

तो सदस्य उठला. "जरा अर्जंट काम हाये." मग शेजारचा उठला. मग अख्खी रांग! जिन्यावर चपलांचा नुसता धडधडाट. बबलूभाऊ भाषण करतच होते, समोर खुर्च्या होत्या.

अध्यक्षभाऊ म्हणाले, "कोरम नाई. सभा तहकूब." आणि गाडीची चावी शोधू लागले.

*

एका सभेत बबलूभाऊंनी ग्लास पुढं केला. मी अर्धा भरला.

"काऊन बे काका, अर्धाच?"

मी म्हटलं, "भाऊ, जुन्या गावाचं पानी हाये. एवढंच येते."

सभागृह हसलं. बबलूभाऊ नाही हसले. पुढच्या सभेपासून ते बाटली घरून आणू लागले.

*

अध्यक्षभाऊंचा जन्म माळीपुऱ्यातला. बंगला मात्र ले-आऊटमध्ये बांधला. वास्तुशांतीला आईला घेऊन गेले, वरची खोली दाखवली, बाथरूममधले चकचकीत नळ दाखवले. म्हातारी चौथ्या दिवशी पिशवी घेऊन परत माळीपुऱ्यात हजर!

मी विचारलं, "आई, करमलं नाई काय?"

"कसं करमन बापा? थ्या बंगल्यात नळावर भांडाले एक बाई नाई!"

आमच्या नळावर माणसं रांगेत उभी नसतात, घागरी असतात. घागर ठेवली की नंबर लागला. मग खुशाल भाकरी करा, वावरात तण निंदायला जा. ती घागर कोणी हलवत नाही. एकदा एका पैलवानानं पायानं सरकवली होती. याच आईनं त्याला सगळ्यांच्या घागरी भरून घरोघर पोचवायला लावल्या. तो आता नांदुऱ्याला राहतो, पण इकडं आला की अजून आईला वाकून नमस्कार करतो.

*

आणि मग ठरावाचा दिवस आला. सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर जिन्यावर माळीपुऱ्यातल्या बाया. प्रत्येकीच्या कडेवर रिकामी घागर. पुढं इंदूबाई.

"काका, दार उघडता काय?"

मी दोन्ही दारं उघडली.

सदस्य आले तेव्हा प्रत्येक खुर्चीवर एक घागर बसलेली होती. बबलूभाऊंच्या खुर्चीवर आमच्या घरचीच, पोचे आलेली. ते ओरडले, "उचल बे थे!"

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

"नंबर लागेल हाये, भाऊ."

त्यांनी स्वतः हात घातला. बाकीचे सदस्य नुसते बघत राहिले. सगळे असल्याच घागरींच्या रांगांतून मोठे झालेले. बबलूभाऊंनी हात मागे घेतला.

मग अध्यक्षभाऊ आले. त्यांच्या उंच खुर्चीवर पितळेची घागर होती. काठावर नाव कोरलेलं, त्यांच्या वडिलांचं. ते वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"आई आली काय?"

मी म्हटलं, "हाव. भाईर पायरीवर बसल्या."

ते खुर्चीमागे उभे राहिले. "विषय वाचा." साहेबांनीही उभ्यानंच वाचला. अध्यक्षभाऊ म्हणाले, "बाजूनं असन त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. बबलूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. ठराव पडला.

सगळे तसेच उभे. अध्यक्षभाऊंनी मला जवळ बोलावलं. "काका, आईले पानी देजा. उन्हात बसली हाये."

मी ग्लास काठोकाठ भरून नेला. आईनं तो हातात घेतला, बघितला आणि मला परत दिला.

"मले नोको. पह्यले माही घागर भर म्हणा त्याले."