टिकल्यांचं पेटंट

घरी पाहुणे आले की नवरा त्यांना हमखास ती फ्रेम दाखवतो. हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगली आहे. "हिचं पेटंट आहे बरं का!" असं म्हणतो आणि खुर्चीवर चढून फ्रेम काढूनही आणतो. मी तेव्हा चहा ठेवायच्या निमित्तानं आत सटकते. त्या कागदावर शोध लावणाऱ्यांची तीन नावं आहेत. पहिलं आमच्या साहेबांचं, दुसरं त्यांच्या जावयाचं, तिसरं माझं. पहिल्या दोघांनी त्या कामात काडीही हलवलेली नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. तिसऱ्या नावाबद्दल मात्र मी आजवर नवऱ्यालाही काही सांगितलेलं नाही.

मी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आठ माणसं, एक चहाचं मशीन आणि साहेबांची काचेची केबिन, एवढाच पसारा. आमची गिऱ्हाइकं म्हणजे द्राक्षं परदेशी पाठवणारी पॅकहाउसं. द्राक्षाची पेटी बाहेर जाते तेव्हा तिच्यासोबत कागद जातो. माल कुठल्या प्लॉटचा, शेवटची फवारणी कधी झाली, लॅबनं काय सांगितलं. ही सगळी माहिती आमच्या डेटाबेसमध्ये असायची. भानगड होती ती कागदाची. प्रत्येक खरेदीदाराला तो आपल्याच तऱ्हेचा हवा. एकाला प्लॉट नंबर डोक्यावर, दुसऱ्याला तो प्रत्येक पेटीसमोर, तिसऱ्याला लॅबची तारीख आधी. त्यातही दर हंगामाला नमुना बदलणार. मग पॅकहाउसमधून फोन यायचा, "मॅडम, तेवढा रिपोर्ट बदलून द्या." तेवढा! त्या 'तेवढ्या'साठी मी दोन दोन दिवस कोड लिहीत बसायची.

रिपोर्ट डिझाइन करायची तयार सॉफ्टवेअरं जगात ढिगानं आहेत, मला ठाऊक आहे. पण ती वापरायची तर डेटाबेसमधलं कुठलं टेबल कशाला जोडलंय हे कळावं लागतं. पॅकहाउसमधल्या माणसाला ते कोण शिकवणार? त्यामुळे झक मारत सगळं माझ्याकडेच.

अशाच एका फोनवर मी वैतागून पिंपळगावला गेले. म्हटलं, एकदा समोर बसून काय हवंय ते लिहूनच घेऊ. पॅकहाउसच्या दारातच हात धुवायचं बेसिन आणि वर आरसा. आत जाताना बायकांना बांगड्या, कानातलं, टिकली, सगळं काढावं लागतं. मालात काही पडू नये असा परदेशी गिऱ्हाइकांचा नियम. बांगड्या पिशवीत जातात, टिकल्या आरशाला. शंभरेक बायका, मग काय विचारता. आरशात तोंड दिसायला जागा नव्हती. लाल, मरून, निळ्या, हिरव्या, मोठ्या, बारीक, नुसत्या टिकल्याच टिकल्या.

आत रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सायखेड्याहून रोज येणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या. स्वेटरवर पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी. त्यांनी माझ्यासमोर एक कागद पसरला. पट्टीनं आखलेल्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक टिकली.

"हे काय?" मी विचारलं.

"मला असा कागद पायजे, मॅडम. लाल टिकली म्हंजी माहिती प्लॉटच्या वहीतली. निळी म्हंजी फवारणीच्या. मरून लॅबची. हिरवी म्हंजी कुठल्या वहीतली नाय, मी सोता डोळ्यानं बघितलेली."

"आणि ही मोठी कशाला?"

"मोठी टिकली असली की ती ओळ दर पेटीला पुन्हा पुन्हा यील. बारीक असली तर पानावर एकदाच. लय सोपं हाय."

एका ओळीत टिकली नव्हती, ती खोडलेली होती. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ही ओळ कुठल्या वहीतून आली, ते मला कुणी सांगंना. मग मी कशाला छापू? टिकलीबिगर कागद सोडत नाय मी."

मी त्या कागदाकडे बघतच राहिले. इंजिनियरिंगची चार वर्षं आणि नोकरीची अकरा, त्यात मी ज्या गोष्टी शिकले होते त्या या बाईनं आरशावरच्या टिकल्यांनी मांडल्या होत्या. कुठली चौकट कुठल्या टेबलाला जोडायची, कुठली ओळ पुन्हा यायची, कुठली एकदाच, सगळं त्या कागदावर होतं. परत येताना बसमध्ये मी डायरीचं पहिलं पान उघडलं, तो कागद जसाच्या तसा काढला आणि वर लिहिलं, 'ताईंची पद्धत.'

पुढचा सगळा पावसाळा मी त्याच्या मागे लागले. पडद्यावर कोरा कागद, बाजूला रंगीत ठिपके. चौकट आखायची, ठिपका उचलून आत टाकायचा, रिपोर्ट तयार. ठिपका नसेल तर ती ओळ छापलीच जाणार नाही. दर पंधरा दिवसांनी मी पिंपळगावला जाऊन ताईंना दाखवायची, त्या चुका काढायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, ज्या कागदावरून वाचायचं त्याच कागदावर भरता का येत नाय? ठिपक्याला ठावं हाय की कुठली वही ते. त्यो घालील तिकडं." तोवर मी त्यांच्यासाठी मॅडमची 'अगं' झाले होते. आणि खरंच, त्याच मांडणीतून माहिती भरायचा स्क्रीनही तयार व्हायला लागला. मला तर नाचावंसं वाटलं. पुढच्या हंगामात दिंडोरीच्या पॅकहाउसांनीही तेच घेतलं आणि माझा फोन वाजायचा थांबला.

साहेबांनी पाठ थोपटली. केबिनमध्ये बोलावून पेढाही दिला. काही महिन्यांनी मी प्रिंटरमधून माझे कागद उचलायला गेले, तर त्यात पेटंटच्या अर्जाची प्रत होती. रंगीत ठिपक्यांनी रिपोर्ट आणि स्क्रीन मांडायची पद्धत. शोध लावणारे: साहेब आणि जावई. ज्या जावयाला पॅकहाउसमध्ये थंडी वाजते म्हणून तो गाडीतच बसून राहायचा, तो जावई!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच केबिनमध्ये घुसले.

"यात माझं नाव कुठाय?"

"अगं, बस ना," साहेब म्हणाले. "कल्पना कंपनीची असते. तू ती टाइप केलीस. छान केलीस, मी नाही म्हणतच नाही."

टाइप केलीस! बारा वर्षं काम करणाऱ्या बाईला हा माणूस टाइपिस्ट म्हणत होता, तेही हसत. मी म्हटलं, "साहेब, चोरीला चोरीच म्हणतात." आणि त्याच दुपारी राजीनामा टेबलावर आपटून बाहेर पडले. लाज, शरम काही असते की नाही माणसाला? अजूनही तो आवाज आठवला की मला शिव्या सुचतात.

सीबीएस बसस्टँडजवळ एक वकील होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी डायरी मागितली. पहिलंच पान उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "'ताईंची पद्धत'? या ताई कोण?"

मी सगळं सांगितलं. आणि विचारलंही, खोटं कशाला बोलू, "ताईंचंही नाव घालता येईल का?"

"घाला की. मग समोरचे म्हणतील, कल्पना गिऱ्हाइकाकडून आली, या बाईंनी नुसतं टाइप केलं. तुमचंही नाव जाईल आणि ताईंचंही लागणार नाही. ठरवा."

मी बाहेर जाऊन एक चहा प्यायले. मग आत येऊन ते पान डायरीतून काढलं. फाडलं नाही, काढलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वकिलांनी साक्षीचा कागद तयार केला. ताईंनी त्यावर सही करायची होती. त्यात एक ओळ अशी होती: 'रंगीत टिकल्यांची पद्धत सदर बाईंनी स्वतः शोधून काढली व मला शिकवली.' 'शिकवली' हा शब्द मला खटकला. वकील म्हणाले, त्याशिवाय कागदाला जोर येत नाही. मी कागद पर्समध्ये घातला आणि पिंपळगावला गेले.

हंगाम ऐन भरात होता. आत बायका कात्रीनं घड साफ करत होत्या, टेम्पो उभे होते, ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती. तरी त्यांनी मला बसवलं, साहेबांना माझ्यासमोर दोन शिव्या घातल्या आणि कागद हातात घेतला. रिपोर्ट वाचायच्या तशाच वाचायला लागल्या, बोट ठेवून, एकेक ओळ. त्या ओळीपाशी बोट थांबलं.

"ही ओळ कुठल्या वहीतून आली?"

त्यांचा नेहमीचाच प्रश्न होता तो. आवाजही चढला नव्हता. मी खाली बघितलं. मला सांगता आलं असतं की ताई, तुमचं नाव घातलं तर माझं जाईल, मला माफ करा. त्यांनी कदाचित तरीही सही केली असती. पण माझ्या तोंडून निघालं, "माझ्या वहीतून, ताई."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "तुझं नाव लागायला पायजे," म्हणाल्या. "तू मर मर मेलीस त्याच्यासाठी. मी बघितलंय." आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली, वळणदार, घोटलेली.

मग उठून दारापाशी गेल्या. आरशावरून एक हिरवी टिकली काढून आणली आणि त्या ओळीसमोर चिकटवली. अंगठ्यानं दाबून बसवली.

"माझी सवय हाय," म्हणाल्या. "सही झाली तरी टिकली लागती."

हिरवी म्हणजे कुठल्याच वहीतली नाही, ते त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. निघताना त्यांनी सुट्ट्या द्राक्षमण्यांची पिशवी हातात कोंबली आणि म्हणाल्या, "नाव लागलं का कळव." बसमध्ये मी त्या पिशवीला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी कागद स्कॅनरवर ठेवण्याआधी उजेडात धरला. "हे काय चिकटलंय?"

"टिकली आहे," मी म्हटलं. "बायकांचं पॅकहाउस आहे, चिकटली असेल कुठूनतरी."

त्यांनी ती नखानं खरवडून काढली आणि बोट टेबलाच्या कडेला पुसलं. कागदावर जरासा चिकट डाग राहिला, तो स्कॅनमध्ये आला नाही.

साहेब फार लढले नाहीत. वाद वाढला तर अर्ज अडकेल म्हणून त्यांनी मुकाट्यानं तिसरं नाव घातलं. अखेर पेटंट हातात आलं तेव्हा नवऱ्यानं परस्पर फ्रेम करून आणली. मी ताईंना कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू करत राहिले. शेवटी त्यांचाच फोन आला, मागे पॅकहाउसचा सगळा गलका.

"लागलं का नाव?"

"लागलं, ताई."

"बरं झालं बाई. त्या मेल्याला चांगलं दाखवलंस." मग संकोचल्यासारखं, "आन माझी टिकली? हाय का तिथं?"

"आहे ना, ताई," मी म्हटलं. "तुम्ही लावली तिथंच आहे."